गोळीचं नाक आणि कागदावरचं भोक

आंतरराष्ट्रीय नेमबाजीतली चार अंतरं घ्या: 10, 25, 50 आणि 300 मीटर. त्या त्या अंतरावर वापरतात त्या गोळ्या शेजारी शेजारी उभ्या करा. 10 मीटरच्या एअर रायफलचा छर्रा समोरून साफ सपाट. 25 मीटरच्या सेंटर फायर पिस्तुलाची .32 ची गोळी म्हणजे शिशाचा नुसता दंडगोल, तिला नाकच नाही. 50 मीटरला पॉइंट टू टू रायफल, तिच्या गोळीचं नाक गोल. 300 मीटरची गोळी लांब, टोकदार. अंतर वाढत जातं तसं नाक निमुळतं होतं, आणि हवेतून जायचं तर ते तसं व्हायलाच हवं. मग जवळच्या अंतरांवर हे सपाट नाक आलं कुठून? हवेच्या हिशेबाने ते सर्वांत वाईट. त्याचा एकच गुण: ते कागदावर स्वच्छ भोक पाडतं. ही सोय नेमबाजासाठी नाही, बंदुकीसाठी तर नाहीच. ती केली आहे गुण मोजणाऱ्या माणसासाठी. खेळातल्या गोळीचा आकार कारखान्याइतकाच पंचाच्या टेबलावर ठरलेला आहे, असं माझं मत आहे. ते कितपत खरं आहे, आणि कुठे लंगडं पडतं, ते पाहू.

आधी भोक कसं पडतं ते. एअर रायफलचं वापरलेलं कार्ड भिंगाखाली धरा. सपाट छर्‍याची कड कागदाला सगळ्या परिघावर एकदमच भिडते. कागदाला ताणायला वाव मिळत नाही, तो त्या कडेवर कातरला जातो. मधली टिकली सुटते आणि छर्‍याबरोबर पुढे जाते. छर्रे अडवणारी पेटी उघडली तर तळाशी अशा काळ्या टिकल्यांचा कचरा सापडतो. भोकाची कड करकरीत, व्यास छर्‍याएवढाच.

शेजारी 50 मीटरचं पॉइंट टू टूचं टार्गेट ठेवा. गोल नाक आधी कागदाच्या एका बिंदूवर दाब देतं. तिथे कागद फुगतो, फाटतो, फाटीचे तीन-चार पदर मागे वळतात, गोळी त्यांना बाजूला सारून निघून जाते आणि मग ते पदर बरेचसे जागेवर येतात. पोत्यातून दाभण ओढून काढलं की ताग पुन्हा जवळ येतो, तसंच हे. कागद गेला नाही, नुसता बाजूला झाला. म्हणून 5.6 मिलिमीटरच्या गोळीचं भोक 5.6 पेक्षा लहान दिसतं, आणि कडही दातेरी. भोकाभोवती एक राखाडी कडं मात्र असतं: गोळीच्या अंगावरचं शिसं, वंगण आणि नळीतली काजळी कागदाने पुसून घेतलेली असते. मुरलेला पंच भोकाआधी हे कडं पाहतो, कारण गोळीची खरी जाडी सांगते ती हीच खूण.

टोकदार गोळीची गत याहून पुढची. वेग जास्त, टोक बारीक. कागद आणखी कमी कातरला जातो आणि जास्त बाजूला सारला जातो. पांढऱ्या कागदावर असं भोक लांबून दुर्बिणीतूनही चटकन दिसत नाही, काळ्या भागात तर शोधावंच लागतं.

यात वाद कुठे येतो? नेमबाजीतला नियम असा की भोकाची कड वरच्या गुणाच्या रेषेला नुसती शिवली तरी वरचा गुण मिळतो. म्हणजे गोळीचं केंद्र कुठे लागलं हे पुरत नाही, तिची कड कुठवर पोचली हेही पाहावं लागतं. आणि कड पाहायची ती फाटक्या कागदावर.

कोणत्या टार्गेटवर हा वाद किती वेळा उद्भवेल याचा अंदाज साध्या भागाकाराने येतो. दोन रेषांमधलं अंतर किती आणि गोळी किती जाड, एवढंच पाहायचं. 25 मीटर प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 50 मिमी व्यासाचं आणि त्यापुढचं प्रत्येक कडं 25 मिमी रुंद. त्यावर 5.6 मिमीची गोळी रेषेला शिवेल ती पाचांत साधारण एकदा. 300 मीटरच्या टार्गेटवर कडं 50 मिमीचं, गोळी फार तर 8 मिमीची; तिथे सहांत एकदा. एअर पिस्तुलाच्या कार्डावर कडं 8 मिमी आणि छर्रा 4.5 मिमी, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा. 50 मीटर रायफलीला कडं तेवढंच 8 मिमीचं, पण गोळी 5.6 ची, म्हणजे दहांत सात वेळा. आणि एअर रायफलीचं कडं जेमतेम 2.5 मिमीचं. तिथे 4.5 मिमीचा छर्रा रेषांच्या मधल्या जागेत मावतच नाही. प्रत्येक भोक कुठली ना कुठली रेष तोडतंच. सर्वांत स्वच्छ भोकाचा आग्रह सर्वांत बारीक टार्गेटवर धरला गेला, तो यामुळे.

एअर रायफलीच्या कार्डावर जरा थांबायला हवं, कारण भोकाच्या आकाराचा प्रश्न तिथे सर्वांत देखणा होतो. या कार्डावर दहा गुणांचं वर्तुळ नाही, आहे तो 0.5 मिमीचा पांढरा ठिपका. नऊचं वर्तुळ 5.5 मिमी व्यासाचं, आठचं 10.5 मिमीचं. दहा मिळवायचे तर छर्‍याच्या कडेने ठिपक्याला शिवायला हवं. म्हणजे छर्‍याचं केंद्र कार्डाच्या केंद्रापासून जास्तीत जास्त 0.25 अधिक 2.25, एकूण 2.5 मिमी दूर चालेल. पण नेम चांगला असेल तर ठिपका भोकातच जातो. ज्याला शिवलं की नाही हे ठरवायचं, तेच शिल्लक राहत नाही.

यावर काढलेली तोड अशी: आतून मोजता येत नाही ना, मग बाहेरून मोजा. त्यासाठी वापरतात त्या गेजची खालची दांडी भोकात बसते आणि वरची गोल चकती 5.5 मिमी व्यासाची असते. तिची त्रिज्या 2.75. केंद्र 2.5 मिमी सरकलेलं असेल तर चकतीची बाहेरची कड 5.25 मिमीवर जाते, आणि आठच्या वर्तुळाची त्रिज्या नेमकी तेवढीच. चकती आठच्या रेषेबाहेर गेली नाही तर दहा, गेली तर नऊ. ठिपका उडाला तरी न्याय शाबूत. हे ज्याने कुणी पहिल्यांदा आखलं त्याला दाद द्यावी. मात्र हा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा आहे: भोक गोल हवं आणि दांडी त्यात न डुगडुगता बसायला हवी. टोकदार किंवा घुमटाकार छर्‍याच्या दातेरी भोकात दांडी हव्या त्या बाजूला दोन-तीन दशांश मिलिमीटर ढकलता येते, आणि निकाल फिरवायला तेवढं पुष्कळ झालं. म्हणून 10 मीटरचा स्पर्धक सपाट छर्रा वापरतो, आणि एका कार्डावर एकच गोळी मारतो.

बारुदाच्या गोळ्यांमधलं सपाट नाक अमेरिकेतल्या रिव्हॉल्व्हरवाल्यांचं. तिकडे .38 स्पेशलच्या काडतुसात 148 ग्रेन वजनाचा शिशाचा दंडगोल बसवायची पद्धत रुळली. गोळी काडतुसाच्या तोंडाशी समतल, बाहेर काहीच डोकावत नाही. नवख्याला ते रिकामं काडतूसच वाटेल. बारूद थोडी, वेग बेताचा, धक्का कमी आणि कागदावर गोलगरगरीत भोक. मागचा भाग पोकळ ठेवायचा, म्हणजे वायूच्या दाबाने तो फुलून नळीच्या आट्यांत घट्ट बसतो आणि वजनही पुढच्या बाजूला राहतं. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसं एकेका खोबणीत बसलेली असतात, त्यामुळे नाक असलं काय नि नसलं काय, फरक पडत नाही.

अडचण आली स्वयंचलित पिस्तुलांत. मॅगझिनमधून नळीत शिरताना काडतूस चढणीवरून सरकतं, तिथे गोल नाक बिनबोभाट घसरत जातं आणि सपाट नाक अडतं. स्मिथ अँड वेसनने 1961 मध्ये मॉडेल 52 आणलं, ते खास या बिननाकाच्या .38 साठी. मॅगझिनमध्ये पाचच काडतुसं, आणि गोळी बाहेर आलेलं काडतूस ते घेतच नाही. निव्वळ भोकाच्या सुबकपणासाठी आख्खं पिस्तूल घडवण्याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. .45 वाल्यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी गोळीला बसकं नाक ठेवलं, पण नाकाच्या पायथ्याशी पूर्ण व्यासाचा धारदार खांदा दिला. नाक नळीची वाट दाखवतं, खांदा कागद कातरतो. या घडणीशी आयडाहोच्या एल्मर कीथचं नाव जोडलेलं आहे, पण त्याला शिकारही हवी होती. कागद त्याच्या लेखी दुय्यम. बुल्सआय या अमेरिकन पिस्तूल-स्पर्धेतल्या खेळाडूंनी मात्र 185 आणि 200 ग्रेनच्या अशा गोळ्या कागदासाठीच उचलल्या.

त्या अमेरिकन खेळात एक गंमत राहून गेली. तिथे भोक ज्या त्या बोअरच्या गेजने मोजतात. .45 ची गोळी सुमारे 11.4 मिमी जाड, .22 ची 5.6. एकाच जागी केंद्र लागलं तरी .45 ची कड जवळपास 3 मिमी आत पोचलेली असते. फुकटचा गुण. आंतरराष्ट्रीय संघटनेने हा पक्षपात मोडला: सेंटर फायर स्पर्धेत 7.62 ते 9.65 मिमीपर्यंत कुठलंही बोअर चालतं, पण मोजताना सगळ्यांना 9.65 मिमीचीच चकती. जाड गोळीचा फायदा संपला, तशी .32 पुढे आली. धक्का कमी, नेम सोपा. जसपाल राणांनी 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 600 पैकी 590 गुण करून तेव्हाच्या विश्वविक्रमाशी बरोबरी केली ती याच प्रकारात. चकतीमुळे सगळे सारखे झाले, तरी .32 ची गोळी सपाटच राहिली, कारण चकतीची दांडी भोकाच्या मध्यावर बसायची तर भोक स्वच्छ हवंच.

तिरंदाजीत हाच लोभ बाणाच्या जाडीत दिसतो. बंद हॉलमधल्या स्पर्धेत वारा नसतो, म्हणून तिरंदाज मुद्दाम जाड बाण घेतात, रेष शिवावी म्हणून. शेवटी संघटनेला दांड्याची मर्यादा 9.3 मिमीवर बांधावी लागली. मैदानात, वाऱ्यात, तेच लोक बारीक बाण वापरतात.

सपाट नाकाची किंमत मोजावी लागते ती हवेत. पुढचा सपाट पृष्ठभाग हवेला आडवा जातो, वेग झपाट्याने पडतो, वारा गोळीला जास्त ढकलतो. बिननाकाची .38 जवळच्या अंतरावर एकाच भोकात गोळ्या घालते, पण 50 यार्डांपुढे तिचा भरवसा धरू नये; वेग पडला की ती डगमगते, कधी आडवी होते. एअर रायफलीचा छर्रा मुळात जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला 170 मीटरच्या आसपास. 10 मीटर जायला त्याला सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग लागतो, तेही बंद हॉलमध्ये. तेवढ्या वेळात हवा त्याचं काय बिघडवणार? म्हणून 10 मीटरवर सपाट नाक फुकटात पडतं. 25 वर स्वस्तात पडतं. 50 वर परवडत नाही.

याचा उलटा पुरावा फील्ड टार्गेट या खेळात आहे. बंदूक एअर रायफलच, पण लक्ष्य लोखंडी. छर्रा मधल्या गोल पट्टीवर बसला की पत्रा मागे पडतो. अंतर 50 मीटरपर्यंत. तिथे कागद नाही, गेज नाही, पंचाचं भिंग नाही. आणि तिथला प्रत्येक नेमबाज घुमटाकार नाकाचा छर्रा वापरतो. कागद गेला की सपाट नाकही गेलं.

लांबच्या रायफलींचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत लष्करी गोळीही गोल नाकाची होती. फ्रेंचांनी 1898 मध्ये, जर्मनांनी 1905 मध्ये टोकदार गोळी आणली, ब्रिटिशांची .303 मार्क सेव्हन 1910 ची. कागद कसा फाटतो याचा विचार यात कुणी केला नाही. लष्कराला पल्ला हवा होता. चांदमारीच्या मैदानात टार्गेटवर गोळी लागली की खंदकातला माणूस काठीने जागा दाखवायचा, आणि मोठ्या कड्यांच्या त्या टार्गेटवर भोक थोडं फाटकं असलं तरी बिघडत नसे.

खरी पंचाईत 50 मीटरची. वर केलेला भागाकार आठवा: दहांत सात गोळ्या रेषेवर, आणि नाक गोल. सपाट नाक घ्यावं तर वारा खातो, गोल घ्यावं तर पंच डोकं खाजवतो. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये थ्री पोझिशन्समध्ये 451.4 गुणांनी कांस्यपदक आणलं, ते याच अंतरावर, याच 2.6 ग्रॅमच्या शिशाच्या गोळीने. कारखान्यांनी तडजोडी करून पाहिल्या. इलीच्या टेनेक्स काडतुसात गोळीच्या नाकाचं टोक किंचित सपाट केलेलं असतं, लापुआ आणि आरडब्ल्यूएसच्या उंची काडतुसांत नाक गोलच. कोणतं कुणाच्या नळीला मानवतं हे ज्याने त्याने पारखून घ्यायचं. खेळाडू भोकाचं सौंदर्य पाहून काडतूस निवडत नाही, लॉट नंबर पाहून निवडतो.

मग दातेरी भोक वाचायचं कसं? नियमपुस्तकात याची दखल बारकाईने घेतली आहे. गेज एका भोकात एकदाच घालायचं, तेही ज्युरीच्या सदस्याने, आणि निकाल कार्डावरच लिहून सही करायची. कारण गेज निव्वळ मोजत नाही. वळलेले पदर ते मागे ढकलतं, भोक मोठं करतं. दुसऱ्यांदा घातलं तर मोजलं जाईल ते गोळीचं काम नसून पहिल्या मोजणीचं. दोन भोकं एकमेकांत मिसळली असतील तर गेजला आधारच उरत नाही. तेव्हा पारदर्शक पट्टीवर कोरलेलं वर्तुळ वर ठेवून भोकाचा जेवढा कंस शिल्लक आहे त्यावरून उरलेला अंदाजाने पुरा करायचा. सपाट गोळीचा कंस स्वच्छ असतो, थोडा उरला तरी पुरतो. गोल नाकाच्या भोकात तोच कंस शोधताना दोन पंचांची दोन मतं व्हायला वेळ लागत नाही.

यात कागदाचाही वाटा आहे, आणि आपल्याकडे त्याकडे फार दुर्लक्ष होतं. नियम एवढाच सांगतो की टार्गेटचा कागद जास्त न फाटता, न सुरकुतता भोक दाखवणारा हवा आणि हवामान बदललं तरी मापं बदलता कामा नयेत. प्रत्यक्षात त्यासाठी आखूड तंतूंचा, ताठ, थोडा ठिसूळ कागद लागतो. चिवट कागद छापायला आणि हाताळायला चांगला, पण गोळीपुढे तो ताणतो आणि चिरतो. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेने जास्त झोपलेले असतात, त्यामुळे चीर त्या दिशेला लांबते. साध्या प्रिंटरच्या कागदावर छापलेली टार्गेटं वापरणाऱ्या क्लबांत सपाट छर्‍याचंही भोक चांदणीसारखं फाटलेलं दिसतं. दोष छर्‍याचा नसतो. मागे पुठ्ठ्याचा आधार घट्ट असेल तर तोच कागद बराच नीट कातरला जातो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबईत उघड्या रेंजवर टांगलेलं कार्ड ओल धरून नरम पडतं, भोकाच्या कडेला लव येते. पावसाळ्यात कार्डं डब्यात बंद ठेवणारा रेंजवाला निकालाचीही काळजी घेत असतो.

गुणांऐवजी नुसता जमाव, म्हणजे ग्रुप, मोजायचा असेल तर प्रश्न वेगळा होतो. बेंचरेस्ट नावाच्या खेळात टेबलावर टेकवलेल्या रायफलीतून पाच किंवा दहा गोळ्या मारतात आणि सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या केंद्रांतलं अंतर मोजतात. घरगुती पद्धत अशी की बाहेरच्या कडा मोजायच्या आणि त्यातून गोळीचा व्यास वजा करायचा. इथे टोकदार गोळी मोजणाऱ्याला बनवते. भोक गोळीपेक्षा लहान, पण वजा केला तो गोळीचा पूर्ण व्यास; उत्तर खऱ्यापेक्षा लहान येतं आणि रायफल आहे त्याहून चांगली वाटते. अर्ध्या मिलिमीटरची ही भेट मित्रमंडळींत चालून जाते. स्पर्धेत चालत नाही, म्हणून तिथे भिंगाखाली गोळीच्या व्यासाचं वर्तुळ कोरलेलं असतं आणि ते भोकाशी नव्हे, त्याच्या राखाडी कड्याशी जुळवतात. आणखी एक शंका राहते: पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्या की चारच मारल्या? त्यासाठी टार्गेटमागे थोड्या अंतरावर सावकाश सरकणारा दुसरा कागद ठेवतात. पुढे एक भोक, मागे पाच वेगळी.

गोळीच्या आकाराचा भोकाशी आणखी एक संबंध आहे, तो नाकाऐवजी लांबीचा. लांब गोळीला सरळ ठेवायला नळीतल्या आट्यांनी जास्त गरका द्यावा लागतो. वूलिचच्या अल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये यासाठी दिलेलं ठोकताळ्याचं सूत्र आजही लोक वापरतात: 150 ला गोळीच्या व्यासाच्या वर्गाने गुणायचं आणि लांबीने भागायचं, म्हणजे किती इंचांत एक फेरा हवा ते कळतं. पॉइंट टू टूच्या नळीला साधारणपणे 16 इंचांत एक फेरा असतो आणि तो नेहमीच्या 40 ग्रेनच्या गोळीला पुरतो. याच बोअरमध्ये 60 ग्रेनची लांब गोळी मिळते. ती नेहमीच्या नळीतून मारली की गिरक्या खात जाते आणि कागदावर गोल भोकाऐवजी गोळीची आडवी आकृती उमटते, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. नळी झिजली असेल तर साध्या गोळीचंही तसंच होतं. ज्यांनी एनसीसीत जुन्या पॉइंट टू टू रायफलीवर हात साफ केला, त्यांच्यातल्या कुणाच्या टार्गेटवर असं लांबोडं भोक आलं असेल तर त्याने आपल्या श्वासाला किंवा ट्रिगरवरच्या बोटाला बोल लावू नये. असं भोक रायफलीच्या तब्येतीची तक्रार असते.

लांबोडं भोक मात्र दर वेळी गोळीमुळेच पडतं असंही नाही. 25 मीटरच्या रॅपिड फायरमध्ये कागदी टार्गेटं ठरल्या सेकंदांसाठी समोर वळायची आणि पुन्हा पाठ फिरवायची. वळता वळता गोळी लागली की भोक आडवं खेचलं जातं. किती खेचलेलं चालेल यालाही माप आहे: .22 ला 7 मिमी, सेंटर फायरला 11 मिमी. त्याहून रुंद असेल तर गोळी उशिरा लागली असं धरून शून्य. इथे भोक घड्याळाचं काम करतं, म्हणजे कागद जागा सांगतोच, वर वेळही सांगतो.

इलेक्ट्रॉनिक टार्गेटांनी या सगळ्याला बगल दिली. स्वित्झर्लंडच्या सायसची यंत्रणा अनेक वर्षं ध्वनीवर चालत आली: गोळी टार्गेटच्या बंद पोकळीतून जाते, कोपऱ्यांतले मायक्रोफोन आवाज पोचण्यातला फरक टिपतात आणि त्यावरून केंद्र काढतात. जर्मनीच्या मेटनचं टार्गेट अवरक्त किरणांच्या जाळ्याने तेच करतं. दोघांनाही भोक दिसत नाही. त्यांना कळतो तो फक्त केंद्रबिंदू. गोळीची जाडी सॉफ्टवेअर स्वतः मिळवतं आणि पडद्यावर एक निर्दोष, 4.5 मिमीचं वर्तुळ रंगवतं. कुठलाही छर्रा त्याच्यापेक्षा सुबक भोक पाडू शकत नाही, कारण ते भोक नाहीच, गणित आहे.

या गणिताशिवाय आजचे गुण देताच आले नसते. 2013 पासून एअर रायफलीच्या पात्रता फेरीतही दशांशात गुण देतात. त्याआधी ते अंतिम फेरीपुरते होते. एअर रायफलीवर दशांशाचा एकेक टप्पा 0.25 मिमीचा. 10.9 म्हणजे केंद्र पाव मिलिमीटरच्या आत. अभिनव बिंद्राने 2008 मध्ये बीजिंगला सुवर्णपदकाची शेवटची गोळी 10.8 ची मारली. म्हणजे केंद्र पाव ते अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्यात. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने 2022 मध्ये कैरोत जागतिक विजेतेपद जिंकलं ते असल्याच दशांशांच्या खेळात. कागदी कार्डाची कड कितीही करकरीत असली तरी गेज आणि भिंग घेऊन पाव मिलिमीटरवर माणसं भांडत बसली असती, आणि अंतिम फेरीच्या गोळ्या पाहायला प्रेक्षक थांबले नसते.

मग आता सपाट छर्रा कशाला? प्रश्न रास्त आहे. मोठ्या स्पर्धेत भोक कुणी पाहत नाही, तर घुमटाकार छर्रा चालायला काय हरकत? पण 10 मीटरवर घुमटाचा काहीच फायदा नाही, उलट आजवरची सगळी कारागिरी सपाट नाकात ओतलेली. छर्‍यांचे डबे 4.48, 4.49, 4.50, 4.51 अशा डोक्याच्या मापांनी विकले जातात. नवशिक्यांना वाटतं जाड डोकं म्हणजे रेष लवकर शिवणार. तसं काही नाही, गुण 4.5 च्याच हिशेबाने मिळतात. ही मापं नळीत छर्रा कसा बसतो त्यासाठी आहेत. दुसरं कारण जास्त व्यवहारी आहे. यंत्राने गोळी नोंदवलीच नाही किंवा खेळाडूने गुणाला हरकत घेतली, तर ज्युरी टार्गेटमधली कागदी पट्टी आणि मागचा पुठ्ठा काढून मागवते आणि भोकं मोजते.

आणि बहुतेक नेमबाज अजून इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर नाहीत. जिल्ह्याच्या स्पर्धा, शाळांच्या रेंज, गच्चीवरचा सराव, सगळं कागदावर चालतं. तिथे दुकानदार कधी कधी जत्रेतल्या फुग्यांच्या बंदुकीला चालणारे टोकदार छर्रे स्वस्तात गळ्यात मारतो. ते घेऊ नयेत. मुलाचा नेम दहाला लागलेला असतो, कार्ड नऊ सांगतं, आणि महिनाभर तो नसलेली चूक सुधारत बसतो.